डीबगर दाखवतो ती व्हॅल्यू खरी कशावरून? सी प्रोग्रॅम आणि जीडीबी, तपासणी कशी बसवावी?

सातपूरकर | शुक्रवार, रात्री ९.१२

नाशिकमधल्या डिप्लोमा-डिग्रीच्या मुलांसाठी दोन तासांचं प्रॅक्टिकल बसवतोय. विषय एवढाच: चालता सी प्रोग्रॅम थांबवून जीडीबी या डीबगरमध्ये व्हॅल्यू बघायच्या, आणि दिसतेय ती बरोबर की चूक हे डीबगरच्या शब्दावर न जाता ठरवायचं. लिनक्स, जीसीसी, एक्स८६ ६४-बिट. अंबडच्या कारखान्यांत जाणाऱ्यांसाठी शेवटची वीस मिनिटं एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डावर.

सांगाडा असा आहे. प्रत्येक मूळ टाइपचा एक ग्लोबल आणि एक लोकल, शिवाय एक स्ट्रक्ट, एक युनियन, दोन ॲरे, एक एनम, एक बिटफील्ड आणि एक फंक्शन पॉइंटर. सगळ्यांत व्हॅल्यू भरून झाल्या की 'थांबा' नावाचं रिकामं फंक्शन कॉल होतं. ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवायची खूण) तिथे. मग 'अप' मारून कॉल करणाऱ्या मेनच्या फ्रेममध्ये यायचं आणि एकेक प्रिंट करायचं.

अडलंय ते इथे: व्हॅल्यू कोणत्या ठेवू? सध्या १, २, ३ अशा ओळीने भरल्यात. सगळं बरोबर दिसतंय, आणि म्हणूनच शंका येतेय.

(कमांडी इथे देवनागरीत लिहितोय. मशीनवर रोमनमध्येच टाइप करा, नाहीतर मला शिव्या घालाल.)

हेक्सानंद | शुक्रवार, रात्री ९.३१

शंका रास्त आहे. १, २, ३ इतक्या कुचकामी व्हॅल्यू दुसऱ्या नाहीत.

लिटल एंडियन (खालचा बाइट आधी ठेवणाऱ्या) मशीनवर चार बाइटच्या इंटमध्ये ५ ठेवला, तर मेमरीत ०५ ०० ०० ०० असं पडतं. डीबगरने चुकून एकच बाइट वाचला तरी ५, दोन वाचले तरी ५, आणि पुढचे चार बाइट शून्य असतील तर आठ वाचूनही ५. म्हणजे आकार साफ चुकला तरी उत्तर बरोबर. असली तपासणी काय कामाची?

नियम एकच धरा: प्रत्येक बाइट दुसऱ्यापेक्षा वेगळा हवा.

इंटला हेक्स १२३४५६७८ द्या. दशमानात ३०५४१९८९६ दिसलं पाहिजे. दोनच बाइट वाचले गेले तर २२१३६ दिसेल, एकच वाचला तर १२०, आणि क्रम उलटला तर हेक्स ७८५६३४१२. चूक झाली की कुठली झाली तेही कळतं. शॉर्टला हेक्स १२३४, म्हणजे ४६६०. आठ बाइटच्या लाँगला हेक्स ११२२३३४४५५६६७७८८, म्हणजे १२३४६०५६१६४३६५०८५५२.

साइनसाठी उणे २ ठेवा, आणि शेजारी तेच बिट असलेला अनसाइन्ड: ४२९४९६७२९४. दोघांची 'पी स्लॅश एक्स' (हेक्समधली प्रिंट) सारखी आली पाहिजे, साधी 'पी' (नुसती प्रिंट) वेगळी.

फ्लोटला पाय (π). जीडीबी ३.१४१५९२७४ दाखवेल आणि मेमरीत डीबी ०एफ ४९ ४० असे चार वेगळे बाइट असतील. डबललाही पायच द्या, ३.१४१५९२६५३५८९७९३१ दिसेल, आठही बाइट वेगळे. एक भागिले तीन अजिबात नको, त्यात ५५ ५५ ५५ ची रांग लागते.

शून्यापासून | शुक्रवार, रात्री ९.४०

'पी' आणि 'एक्स' या दोन कमांडींत नेमका फरक काय? दोन्ही व्हॅल्यूच दाखवतात ना?

गोदाकाठ | शुक्रवार, रात्री ९.५२

@शून्यापासून, 'पी' नाव घेतो, कंपायलरने 'मायनस जी' ने लिहून ठेवलेल्या ड्वार्फ (डीबग माहितीचा फॉरमॅट) माहितीतून त्या नावाचा टाइप आणि जागा शोधतो, आणि टाइपाप्रमाणे बाइटांचा अर्थ लावतो. 'एक्स' ला फक्त पत्ता लागतो. तिथले बाइट जसेच्या तसे तुमच्यापुढे टाकतो.

म्हणून जोडीने वापरायचे. आधी 'पी आकडा', मग 'एक्स स्लॅश ४ एक्स बी अँपरसँड आकडा'. दुसऱ्याचं उत्तर ७८ ५६ ३४ १२ आलं की पहिल्याचा हिशेब हाताने जुळवा. डीबगरची तपासणी म्हणतात ती ही. 'पी' च्या उत्तराची खात्री दुसऱ्या 'पी' ने करणं म्हणजे चोराला चोराचीच साक्ष.

आकाराची अक्षरं पाठ करा: बी १ बाइट, एच २, डब्ल्यू ४, जी ८. विंडोजवरून आलेल्यांना डब्ल्यू म्हणजे दोन वाटतात आणि तिथेच गाडी रुळावरून उतरते. शिवाय 'एक्स' मागचा फॉरमॅट आणि आकार लक्षात ठेवतो. आधी बी वापरलं असेल आणि पुढे नुसतं 'एक्स' मारलं, तर बाइटच येणार.

आणखी एक, यावर दर बॅचचे निम्मे तरी अडखळतात. डीबगर जी ओळ दाखवून थांबतो ती अजून चाललेली नसते. 'आकडा बरोबर अमुक' या ओळीवर थांबून प्रिंट केलं तर जुना कचराच दिसणार. 'नेक्स्ट' मारा, मग बघा. 'इन्फो लोकल्स' तर त्या ब्लॉकमध्ये पुढे डिक्लेअर होणारे व्हेरिएबलही आधीच दाखवतो, कचऱ्यासकट.

पॉइंटरभाऊ | शुक्रवार, रात्री १०.०५

कॅरेक्टर ॲरेचं प्रकरण विसरू नका. सगळ्यात जास्त 'हा बग आहे' तिथेच ऐकू येतं.

१६ बाइटचा कॅर बफर, त्यात 'एबीसी'. प्रिंट केलं की जीडीबी म्हणतो: 'एबीसी', आणि पुढे शून्य कॅरेक्टर १२ वेळा. मुलं मोजतात: १६ वजा ३ म्हणजे १३. एक कुठे गेलं? ॲरेचा शेवटचा बाइट शून्य असेल तर जीडीबी तो स्ट्रिंगचा शेवट धरून छापतच नाही. १३ मधला एक गेला, उरले १२. 'सेट प्रिंट नल-स्टॉप ऑन' केलं की पहिल्या शून्यावरच थांबतो आणि शेपूट जाते. 'सेट प्रिंट रिपीट्स' ची मूळ मर्यादा १० आहे, त्यापेक्षा जास्त वेळा तेच आलं की आकडा घालून गुंडाळतो.

तसंच अनसाइन्ड ८-बिट. त्यात २०० ठेवलं की '२००' आणि पुढे अवतरणात बॅकस्लॅश ३१० दिसतं. हे ३१० ऑक्टल आहे, तोच २००. नुसता आकडा हवा तर 'पी स्लॅश यू'. सेन्सरचा डेटा ठेवलेला अनसाइन्ड कॅर ॲरे नुसत्या 'पी' ने स्ट्रिंगसारखा छापतो, 'पी स्लॅश एक्स' ने नीट महिरपी कंसात एकेक आकडा.

ॲरे मोठा ठेवा, २५० घटकांचा. मूळ मर्यादा २०० आहे, पुढे तीन टिंबं. 'सेट प्रिंट एलिमेंट्स ०' म्हणजे मर्यादा काढली. ज्याला हे माहीत नाही तो २४० व्या घटकातला बग शोधत पहाट करतो.

द्राक्षबाग | शुक्रवार, रात्री १०.११

२५० घटकांचा ॲरे म्हणजे आमच्याकडची एक ट्रक क्रेट. तिथेही वरचीच बघून भाव करतात, खालची 'तीन टिंबं'.

तपोवन_ताई | शुक्रवार, रात्री १०.२८

पॉइंटरभाऊ, तुमच्या 'एबीसी' ऐवजी 'नाशिक' ठेवा, बघा मजा.

न, काना, श, वेलांटी, क: पाच कोड पॉइंट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट तीन बाइटचा, म्हणजे १५, शेवटचं शून्य धरून १६. 'पी साइजऑफ' १६ दाखवेल, स्ट्रिंगची लांबी १५ येईल, आणि डोळ्यांना तीनच अक्षरं दिसतील. ज्याचा लोकेल (सिस्टिमची भाषा-लिपीची सेटिंग) यूटीएफ-८ आहे त्याला जीडीबी सरळ 'नाशिक' दाखवतो. लोकेल 'सी' असला की बॅकस्लॅश ३४०, २४४, २५० अशी ऑक्टलची माळ सुरू होते. ते तीन बाइट म्हणजे एकटा न. मेमरीत काहीच बदललेलं नसतं. 'शो कॅरसेट' मारून होस्ट आणि टार्गेट दोन्ही बघा.

प्रॅक्टिकलला हे फार उपयोगी. एकच मेमरी, दोन टर्मिनल, दोन वेगळी दर्शनं. व्हॅल्यू आणि व्हॅल्यूचं छापील रूप यातला फरक लगेच उमगतो.

सिडको_सी | शुक्रवार, रात्री १०.३३

जीसीसी १० पासून व्हेरिएबलचं नावही देवनागरीत चालतं. 'इंट कांदा' म्हणा आणि 'पी कांदा' मारा. फक्त भाव विचारू नका, तो व्होलटाइल आहे.

हेक्सानंद | शुक्रवार, रात्री १०.३६

@सिडको_सी, आणि लासलगावला दर मिनिटाला कुणीतरी त्यावर लिहितं. वॉचपॉइंट (व्हॅल्यू बदलली की प्रोग्रॅम थांबवणारा) लावलात तर प्रोग्रॅम पुढे सरकणारच नाही.

गोदाकाठ | शुक्रवार, रात्री १०.४१

वॉचपॉइंट म्हणजे आपला गोदावरीचा पूर मोजायचा दुतोंड्या मारुती. एरवी कोणी बघत नाही, पाणी ठरल्या रेषेला लागलं की सगळं गाव थांबतं. फरक इतकाच, एक्स८६ वर असे मारुती चारच. डीबग रजिस्टरं चार, प्रत्येकी जास्तीत जास्त आठ बाइट. मोठ्या स्ट्रक्टवर वॉच लावला की हार्डवेअर पुरत नाही, मग जीडीबी एकेक इन्स्ट्रक्शन चालवून तपासत बसतो आणि प्रोग्रॅम गोगलगाय होतो. 'हार्डवेअर वॉचपॉइंट' असा शब्द आला की नुसता 'वॉचपॉइंट' आला, हे वाचायची सवय लावा.

लोकलवर लावलेला वॉच फंक्शन संपलं की आपोआप निघून जातो, तसा निरोपही येतो. तो बग नाही.

चिकित्सक | शनिवार, सकाळी ७.५०

सगळं छान, पण हे सगळं 'मायनस ओ झिरो' च्या (ऑप्टिमायझेशन बंद) छत्रछायेत चाललंय. तिथे प्रत्येक लोकल स्टॅकवर ठरल्या जागी बसलेला असतो, डीबगर चुकायला वावच नाही. खऱ्या कामात 'मायनस ओ टू' (ऑप्टिमायझेशन चालू) असतं. त्यावर तपासणी केलीच नाही तर मुलांना पहिल्याच दिवशी 'ऑप्टिमाइज्ड आउट' दिसणार आणि ती म्हणणार, प्रॅक्टिकलला तर असं नव्हतं.

पॉइंटरभाऊ | शनिवार, सकाळी ८.२५

चिकित्सक, नाही पटलं. दोन तासांत ओ टू घुसवलंत तर मुलं गोंधळतील आणि खापर डीबगरवर फुटेल. आधी पाया.

चिकित्सक | शनिवार, सकाळी ८.४४

गोंधळतील म्हणूनच तर. फक्त वीस मिनिटं द्या, आणि तोच प्रोग्रॅम. नवीन काही नको.

ओ टू मध्ये व्हेरिएबलची जागा प्रोग्रॅमच्या प्रत्येक टप्प्यावर बदलू शकते: इथपासून इथपर्यंत या रजिस्टरमध्ये, पुढे त्या, त्यापुढे कुठेच नाही. कंपायलर ही यादी ड्वार्फमध्ये लिहितो. 'ऑप्टिमाइज्ड आउट' चा अर्थ इतकाच की आत्ताच्या पत्त्यासाठी यादीत नोंद नाही. दोन ओळी मागे ती व्हॅल्यू दिसत असेलही. 'इन्फो ॲड्रेस' मारलं की हा व्हेरिएबल एका जागी आहे की अनेक, ते कळतं.

गंमत पुढे आहे. सातपूरकरांच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्या लोकलना स्थिर आकडे दिलेत. ओ टू त्यांना मेमरीत ठेवणारच नाही. तरी 'पी आकडा' ३०५४१९८९६ दाखवू शकतो, कारण कंपायलरने ड्वार्फमध्ये 'हा नेहमी इतकाच' असं लिहिलेलं असतं. पत्ता विचारला की जीडीबी म्हणतो, पत्ता घेता येत नाही. मेमरीत नसलेली व्हॅल्यू डीबगर दाखवतो, आणि ती बरोबर असते! गोदाकाठांची 'पी' आणि 'एक्स' ची जोडी इथे मोडते, हे मुलांना दाखवायलाच हवं.

आणि 'थांबा' फंक्शन ओ टू मध्ये उरणार नाही, ब्रेकपॉइंट लागणार कुठे? नुसतं नोइनलाइन (फंक्शन कॉलच्या जागी पसरवू नको) लावून भागत नाही. फंक्शनचा काही परिणाम नसेल तर कंपायलर कॉलच उडवतो. पोटात एक रिकामं एएसएम (असेंब्ली) वाक्य ठेवा. जीसीसीच्या मॅन्युअलमध्ये हाच उपाय दिलाय.

'अप' मारून मेनमध्ये गेल्यावर ओ टू मध्ये काही व्हॅल्यू गायब दिसतील त्याचंही कारण सांगा. कॉल केलेल्या फंक्शनला काही रजिस्टरं न विचारता वापरायची मुभा असते. त्यात मेनची व्हॅल्यू होती तर ती परत मिळवायला डीबगरकडे काही नसतं. तो खोटं न बोलता 'माहीत नाही' म्हणतो, हा त्याचा गुण समजा. बॅकट्रेसमध्ये (फंक्शन कॉलच्या साखळीत) ॲट एंट्री असं शेपूट लागलेलं दिसलं तर ती फंक्शनमध्ये शिरतानाची व्हॅल्यू, आत्ताची नव्हे.

पॉइंटरभाऊ | शनिवार, सकाळी ९.०२

बरं, वीस मिनिटं दिली. पण 'मायनस ओजी' चा (डीबगिंगला जपणारं ऑप्टिमायझेशन) उल्लेख तरी करा, नाहीतर मुलं दोनच टोकं आहेत असं समजतील.

रामकुंड_रीसेट | शनिवार, सकाळी ९.४०

बोर्डावरच्या वीस मिनिटांबद्दल. इथे बघणंसुद्धा फुकट नाही.

एसटीएम३२ एफ१०३ वर यूएसएआरटीचं (सीरियल पोर्टचं) डेटा रजिस्टर वाचलं की 'बाइट आलाय' हा झेंडा खाली पडतो. वाचणारा तुमचा प्रोग्रॅम की डीबगर, चिपला फरक पडत नाही. आयडीईत पेरिफेरल रजिस्टरांची खिडकी उघडी ठेवून स्टेप केलं, की प्रत्येक थांब्याला ती खिडकी रजिस्टर वाचते आणि आलेला बाइट गिळते. मग 'डीबगरशिवाय चालतं, डीबगरने चालत नाही'. खिडकी बंद करा. रॅममधली व्हॅल्यू कितीदाही बघा, पेरिफेरलची बघताना रेफरन्स मॅन्युअलमध्ये 'वाचल्यावर साफ होतो' असं लिहिलंय का ते आधी पाहा.

दुसरं, कोअर थांबला तरी इंडिपेंडंट वॉचडॉग (वेळेत दाद न मिळाल्यास चिप रीसेट करणारा टायमर) धावत असतो. तुम्ही स्ट्रक्ट न्याहाळताय तोवर चिप रीसेट. डीबीजीएमसीयूच्या (चिपच्या डीबग विभागाच्या) कंट्रोल रजिस्टरमध्ये आयडब्ल्यूडीजी स्टॉपचा बिट आहे, तो आधी लावा.

तिसरं आणि महत्त्वाचं: मोटार जोडलेल्या बोर्डावर हे प्रॅक्टिकल करू नका. कोअर थांबतो, टायमर थांबत नाही. पीडब्ल्यूएम (मोटारीला जाणारे पल्स) शेवटच्या ड्यूटीवर चालू राहतं आणि करंट आवरणारं लूप झोपलेलं असतं. मोसफेट गेल्यावर कळून उपयोग नाही. टायमर थांबवायचेही बिट त्याच रजिस्टरमध्ये आहेत, पण मुलांसमोर एलईडीच बरी.

चौथं, कॅर. एक्स८६ वर साधा कॅर साइन्ड, एआरएमवर जीसीसीचा अनसाइन्ड. तोच २०० लॅपटॉपवर उणे ५६ दिसेल आणि बोर्डावर २००. दोन्ही डीबगर बरोबरच.

शून्यापासून | शनिवार, सकाळी १०.०३

आयडीईत माउस नेला की व्हॅल्यू दिसते, मग कमांड शिकायच्या कशाला?

हेक्सानंद | शनिवार, सकाळी १०.०९

माउस नेल्यावर दिसते ती कुठल्या फॉरमॅटमध्ये, किती घटकांपर्यंत कापलेली आणि कुठल्या फ्रेममधली, हे माउस सांगत नाही. बहुतेक आयडीई आतून याच जीडीबीशी बोलतात. वरचं सगळं त्यांनाही लागू.

चिकित्सक | शनिवार, सकाळी १०.२२

एनमचा एक खड्डा कोणी सांगितला नाही. ०, १, २ अशा तीन व्हॅल्यूंचा एनम घ्या: बंद, चालू, बिघाड. मेमरीत चुकून ३ पडला. वाटतं की जीडीबी ३ दाखवेल. तो दाखवतो 'चालू | बिघाड'. कारण १ आणि २ एकेक बिटाचे आहेत, म्हणून तो या एनमला फ्लॅगांचा समजतो. 'पी स्लॅश डी' ने खरा आकडा येतो. आपल्याकडच्या कंट्रोल पॅनेलांचे स्टेट एनम नेमके असेच असतात.

बिटफील्डही तसंच. तीन बिटांच्या साध्या इंट फील्डमध्ये ५ ठेवला की उणे ३ दिसतो. डीबगर बरोबर आहे, चूक अनसाइन्ड न लिहिणाऱ्याची. जीसीसी कंपाइल करतानाच इशारा देतो, तो गिळू नका.

तपोवन_ताई | शनिवार, सकाळी १०.५०

स्ट्रक्टसाठी 'पीटाइप स्लॅश ओ'. कॅर, इंट, कॅर या क्रमाचं स्ट्रक्ट १२ बाइटचं होतं. पहिल्या कॅरनंतर तीन बाइटचं भोक, शेवटी तीन बाइटचं पॅडिंग, दोन्ही तो ऑफसेटसकट दाखवतो. लोकल स्ट्रक्टच्या भोकांत काय असेल याचा भरवसा नाही, म्हणून अख्ख्या स्ट्रक्टचे बाइट 'एक्स' ने काढून जुळवू नका, फील्डवार जुळवा.

युनियनला इंट आणि फ्लोट द्या, इंटमध्ये हेक्स ४०४९०एफडीबी लिहा. एकाच प्रिंटमध्ये १०७८५३००११ आणि ३.१४१५९२७४ दोन्ही दिसतात. हेक्सानंदांचा पाय इथे परत कामाला येतो.

फ्लोटवर 'पी स्लॅश एक्स' जपून. जुन्या जीडीबीत आधी पूर्णांक व्हायचा, म्हणजे पायचा ३. नव्यात मूळ बिट दिसतात. वर्गात वेगवेगळ्या आवृत्त्या असतील तर 'एक्स स्लॅश ४ एक्स बी' वरच राहा.

सिडको_सी | शनिवार, सकाळी ११.१५

'प्रिंट' फक्त बघतो हा गैरसमज आधी काढा. 'पी आकडा++' मारलं की आकडा खरंच वाढतो. ब्रेकपॉइंटच्या अटीत 'इफ आकडा = ५' असं एकच बरोबरचं चिन्ह लिहिलं, तर दर खेपेला आकड्यात ५ भरला जातो आणि अट कायम खरी. बग शोधायला गेलो आणि बग पेरून आलो.

बदलायचंच असेल तर 'सेट व्हार'. नुसत्या 'सेट' नंतर विड्थ नावाचं व्हेरिएबल लिहिलंत तर जीडीबी ते स्वतःच्या स्क्रीनची रुंदी समजतो.

अंबड_लाइन३ | शनिवार, दुपारी १२.०५

हे सगळं दर बॅचला हाताने करणार का? स्क्रिप्ट करा. 'जीडीबी मायनस क्यू मायनस एनएक्स मायनस बॅच मायनस एक्स तपास'. एनएक्स विसरू नका, नाहीतर कोणाच्या तरी होम फोल्डरमधलं जीडीबीइनिट तुमचे प्रिंट सेटिंग बदलून ठेवेल.

'पी' च्या उत्तरापुढे डॉलर १, डॉलर २ असा क्रमांक येतो. मध्ये एक कमांड वाढवली की पुढचे सगळे क्रमांक सरकतात, तुलना कोसळते. त्याऐवजी जीडीबीची 'आउटपुट' किंवा 'प्रिंटएफ' कमांड, त्यांत क्रमांक येत नाही. पत्ते कधीच जुळवू नका. जीडीबी पत्त्यांची सरमिसळ बंद ठेवतो म्हणून तुमच्या मशीनवर रोज तोच पत्ता दिसेल, पण एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलले तरी स्टॅक सरकतो.

'मायनस एक्स' ने दिलेली फाइल पहिल्या चुकीला थांबते. म्हणून शेवटची ओळ 'एको तपासणी संपली' ठेवा आणि ती आली का ते पाहा. नाहीतर अर्धवट निकालाला पास समजाल.

गोदाकाठ | शनिवार, दुपारी १२.३०

जीडीबीचे लोक स्वतः हेच करतात. त्यांचा टेस्टसूट डेजाग्नूवर, म्हणजे टीसीएल आणि एक्स्पेक्टवर चालतो. 'जीडीबी डॉट बेस' फोल्डरमध्ये सेटव्हार, प्रिंटसीएमडीज, पॉइंटर्स अशा फाइली आहेत, प्रत्येकीला बहुधा एक छोटा सी प्रोग्रॅम जोडलेला. सातपूरकरांना आयतं भांडार आहे.

तिथली एक बारीक रीत उचला. अपेक्षित उत्तर नुसतं '५' न लिहिता 'मोकळी जागा, बरोबरचं चिन्ह, मोकळी जागा, ५' असं लिहितात. 'जीडीबी टेस्ट' पॅटर्नचा शेवट प्रॉम्प्टला बांधतो, सुरुवात मोकळी असते. नुसतं ५ लिहिलं तर १५ आला तरी पास. ग्रेप वापरणाऱ्यांनी दोन्ही टोकं बांधा, नाहीतर ५५ सुद्धा पास.

द्राक्षबाग | शनिवार, दुपारी १२.३४

मिसळ खायला कोणी येतंय का? दोन्ही टोकं बांधलेली, मध्ये तर्री. मखमलाबाद रोड.

पॉइंटरभाऊ | शनिवार, दुपारी १२.३६

कॉलेज रोड. मखमलाबादला पावसात गाडी 'नॉट रिस्पॉन्डिंग' होते.

हेक्सानंद | शनिवार, दुपारी १.५०

मूळ प्रश्नावर येऊ. सातपूरकर, व्हॅल्यू चांगल्या निवडल्या हे सिद्ध कसं करणार? डीबगरला मुद्दाम खोटी माहिती द्या आणि तुमची तपासणी बोंबलते का बघा.

स्ट्रक्टमध्ये शेजारी शेजारी दोन शॉर्ट ठेवा: दाब आणि ताप. प्रोग्रॅम 'मायनस नो-पीआयई' ने (पत्ते पक्के राहावेत म्हणून) कंपाइल करून 'असल' ठेवा. मग सोर्समध्ये फक्त या दोन फील्डांचा क्रम बदला, परत कंपाइल करा, आणि 'ऑब्जकॉपी' च्या 'ओन्ली-कीप-डीबग' ने त्याची नुसती डीबग माहिती काढून 'नकली' ठेवा. दोन्ही फील्ड एकाच मापाचे असल्यामुळे पत्ते जागेवर राहतात. जीडीबीत 'एक्झेक-फाइल असल', मग 'सिम्बल-फाइल नकली'. आता डीबगर दाबाच्या जागी ताप वाचणार. तुमच्या स्क्रिप्टची किमान एक ओळ पडली पाहिजे.

दुसरा खेळ: नकलीत एका इंटचा अनसाइन्ड इंट करा. उणे व्हॅल्यू नसेल तर कळणारच नाही. तिसरा: इंटच्या जागी फ्लोट, 'साइजऑफ' तोच, अर्थ वेगळा.

सातपूरकर | शनिवार, रात्री ८.२०

करून बघितलं. जुन्या व्हॅल्यूंत दाब १ आणि ताप १ होते. नकली माहिती लावूनही २२ च्या २२ ओळी पास. दाब हेक्स १२३४ आणि ताप हेक्स ५६७८ केल्यावर दोन ओळी पडल्या: दाब २२१३६, ताप ४६६०. अनसाइन्डचा खेळ उणे २ ने पकडला.

एक अडचण आली ती लिहून ठेवतो. पहिल्यांदा एक टाइप फक्त डिक्लेअर केला होता, त्याचा व्हेरिएबल नव्हता. 'पीटाइप' म्हणालं, असा स्ट्रक्ट नाही. न वापरलेले टाइप जीसीसी डीबग माहितीतून गाळतो. एक ग्लोबल ठेवल्यावर आला. मॅक्रोही दिसत नव्हते, त्यांना 'मायनस जी थ्री' लागलं.

ॲरे फंक्शनला पाठवला की 'साइजऑफ' ८ येतो, तिथे 'पी स्टार ॲरे ॲट ५' घातलंय. ओ टू ची वीस मिनिटंही ठेवली, चिकित्सकांच्या हट्टाखातर.

तपोवन_ताई | शनिवार, रात्री ८.४१

सातपूरकर, आता नकलीमध्ये युनियनच्या दोन मेंबरांचा क्रम बदलून बघा. अख्खं युनियन छापणारी ओळ पडेल, पण एकेक मेंबर छापणारी एकही पडणार नाही. त्यावरून स्क्रिप्ट बिघडली म्हणू नका, दोघांचाही ऑफसेट शून्यच आहे.